गाणी ऐकवते, क्लिप दाखवते, तरी मुलं जपानी का बोलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका क्लासमध्ये तुम्ही एन-५ आणि एन-४ या, म्हणजे जेएलपीटी परीक्षेच्या सुरुवातीच्या, पातळ्यांना जपानी शिकवता. मुलांना अ‍ॅनिमे आवडतं म्हणून दर शनिवारी एखादा भाग दाखवता, गाणं ऐकवता, गाळलेल्या जागांचा कागद भरून घेता. वर्ग रंगतो, मुलं खूश असतात, पण ‘आता याबद्दल दोन वाक्यं बोला’ म्हटलं की सगळे वहीत डोकं घालतात. गाण्या-व्हिडिओंनी मुलं बोलती होतात असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग आपल्याच वर्गात काय अडतं, असं तुम्ही विचारलं आहे.

मुलं खरंच बोलती होतात. मात्र त्यासाठी गाण्यात किंवा क्लिपमध्ये आपण मुद्दाम एक जागा रिकामी करावी लागते, आणि ती भरायचं काम मुलांच्या तोंडावर सोपवावं लागतं. अख्खं गाणं, अख्खा एपिसोड आणि खाली इंग्रजी सबटायटल, यात अशी जागाच उरत नाही. जे काही बोलायचं ते पडद्यावरची माणसं बोलून मोकळी होतात. गाळलेल्या जागांच्या कागदाने कान तयार होतो, लिहिण्याचा सराव होतो. बोलण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

आधी मुलं गप्प का असतात ते पाहू, कारण त्यात त्यांचा दोष कमी आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा १९८४ पासून होते, २०१० पासून तिच्या पाच पातळ्या झाल्या, आणि यातल्या एकाही पातळीला तोंडी परीक्षा नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्यायावर खूण करून. आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षांभोवती क्लासचं वर्ष फिरतं. त्यामुळे तोंड न उघडता एन-३ पर्यंत पोचलेला मुलगा ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कंपनीच्या मुलाखतीत तो ‘जिकोशोओकाइ’, म्हणजे स्वतःची ओळख, झोकात म्हणून दाखवतो, आणि समोरच्याने पाठांतराबाहेरचा पहिला प्रश्न विचारला की अडतो.

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांच्या अभ्यासावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की समजेल असं भरपूर कानावर पडणं पुरेसं नसतं. त्या मुलांना फ्रेंच उत्तम समजत होतं, बोलणं मात्र मागे राहिलं होतं. बोलायची वेळ आली की माणसाला पहिल्यांदा कळतं की अमुक म्हणायचंय आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. मग तो शब्द शोधतो, आणि असा शोधलेला शब्द टिकतो. गाणं आणि व्हिडिओ ही वेळ आणण्यासाठी वापरायचे.

एक साधा हिशेब मांडून बघा. दीड तासाचा वर्ग, वीस मुलं. सगळा वेळ मुलांनाच दिला आणि एकेकाला उभं केलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटं येतात. त्यातून पंचवीस मिनिटांचा एपिसोड वजा केला की तीन-सव्वातीन. म्हणून माझा आग्रह असतो की क्लिप ३० ते ४० सेकंदांपेक्षा मोठी नको, आणि बोलण्याचं काम जोड्यांमध्ये व्हावं. दहा जोड्या एकाच वेळी बोलायला लागल्या की वर्गात गोंगाट होतो. होऊ द्या. शेजारच्या वर्गातून तक्रार आली तर दार लावून घ्या.

आता गाण्याबद्दल. जपानीत गाण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मात्रांसाठी आहे, आणि हा मुद्दा मराठी मुलांना इतर कोणापेक्षा लवकर समजावता येतो, कारण शाळेत त्यांनी लघु-गुरू मोजलेले असतात. जपानीचा प्रत्येक ‘काना’, म्हणजे जपानी लिपीतलं अक्षर, एक मात्रा घेतो. दीर्घ स्वराचा लांबलेला भाग ही वेगळी मात्रा, जोडाक्षराआधीचा थांबा ही वेगळी मात्रा, ‘न्’ हीसुद्धा वेगळी मात्रा. आपण सहज ‘टोकियो’ म्हणतो. जपानी माणूस ‘तो-ओ-क्यो-ओ’ अशा चार मात्रा म्हणतो. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर, ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘किते’ म्हणजे ये, तर ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना सांभाळतो, बोलताना त्यावरून अर्थ बदलण्याची वेळ क्वचित येते, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय नसते. एक फरक मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका: आपल्या छंदशास्त्रात ए आणि ओ गुरू असतात, जपानीत ते एकाच मात्रेचे. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला; जपानी हायकूतले ५-७-५ म्हणजे याच मात्रा.

जुन्या आणि मुलांच्या जपानी गाण्यांत बहुतेक वेळा एका मात्रेला एक सूर येतो. अशा संथ गाण्याचं एकच कडवं घ्या. आधी चाल बाजूला ठेवून फक्त टाळीवर शब्द म्हणून घ्या, एका मात्रेला एक टाळी. मग चालीत म्हणा. मग चाल पुन्हा काढून टाका आणि तेच शब्द बोलल्यासारखे म्हणायला लावा. ही शेवटची पायरी बहुतेक शिक्षक गाळतात, आणि खरं काम तिथेच होतं. चालीत म्हणताना ‘ओबाआसान’मधला लांब ‘आ’ आपोआप पुरा होतो; चाल काढल्यावर तो आखडतो का, हे तेव्हाच ऐकू येतं. आजची भरधाव पॉप गाणी या कामाला घेऊ नका. त्यांत एका सुरात दोन-तीन मात्रा कोंबलेल्या असतात, आणि जिथे जपानी तरुणालाही कसरत करावी लागते तिथे एन-५ चा विद्यार्थी खचून जातो.

गाणं काही गोष्टी चुकीच्याही शिकवतं, त्यामुळे त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. बोलताना वाक्याअखेरच्या ‘देसु’, ‘मासु’ यांतला शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही, माणसं ‘देस’, ‘मास’ म्हणतात. गाण्यात मात्र त्यावर सूर येतो आणि तो उ पुरा गायला जातो. जपानी शब्दाला स्वतःचा चढउतारही असतो. तोक्योच्या बोलीत ‘हाशि’मधला ‘हा’ उंच असला तर जेवायच्या काड्या, ‘शि’ उंच असला तर पूल. गाण्याची चाल हा चढउतार बऱ्याचदा पुसून टाकते. शिवाय गाण्यात समोरच्याला ‘किमि’ किंवा ‘आनाता’ म्हणतात, आणि प्रत्यक्षात ओळखीच्या माणसाला त्याच्या आडनावाला ‘सान’ लावूनच हाक मारायची असते. गाणं म्हणून झाल्यावर एवढं दोन मिनिटांत सांगून टाकलं की पुढचा त्रास वाचतो. आपल्या मुलांची एक जमेची बाजूही त्यांना कळू द्या. ‘त्सु’ म्हणताना अनेक परभाषकांची जीभ अडते. ज्याला ‘चूक’ आणि ‘चाक’मधला च म्हणता येतो, त्याला ‘त्सु’ येतोच.

क्रियापदांचं ‘ते’ रूप, जे विनंती करताना लागतं, ते शिकवायला चाल लावणं ही जगभरातल्या जपानी शिक्षकांची युक्ती आहे. क्रियापदाच्या शेवटी उ-त्सु-रु असेल तर ‘त्ते’, मु-बु-नु असेल तर ‘न्दे’, कु असेल तर ‘इते’, गु असेल तर ‘इदे’, सु असेल तर ‘शिते’. मी चाल देत नाही, मुलांनाच लावायला सांगते. कोणी पाढ्यांच्या सुरात म्हणतं, कोणी भोंडल्याच्या गाण्यावर बसवतं, एखादा गट ढोल-ताशाच्या ठेक्यावर. स्वतः बसवलेली चाल विसरत नाही. पण इथे थांबलात तर हातात नुसता नियम राहतो. लगेच त्याच ठेक्यावर खरी विनंती यायला हवी: ‘खिडकी उघड’, ‘जरा थांब’, ‘पेन दे’, शेवटी ‘कुदासाइ’, म्हणजे ‘कृपया’. आणि ज्याला सांगितलं त्याने उठून खिडकी उघडायला हवी.

व्हिडिओत मला सगळ्यात जास्त फळ मिळालं आहे ते दुकानाच्या काउंटरच्या क्लिपमधून. जपानमध्ये जुलै २०२० पासून दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे घेतात, त्यामुळे कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या छोट्या दुकानात, गल्ल्यावर पिशवीचा प्रश्न ठरलेला. त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन: डबा गरम करून देऊ का, काड्या देऊ का, पॉइंट कार्ड आहे का. नवीन माणूस जपानमध्ये उतरल्यावर पहिल्याच दिवशी या माऱ्यात सापडतो. अशी क्लिप बाहेर शोधत बसू नका, स्वतः करा. सहकाऱ्याला टेबलामागे उभं करा, मोबाइल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि त्यांना मोबाइलकडे बघून बोलायला सांगा: ‘रेजिबुकुरो वा गोरियोओ देस का?’ मग चार सेकंद गप्प. ‘ओबेन्तोओ आतातामेमास का?’ पुन्हा चार सेकंद. बस.

वर्गात ही क्लिप चालू झाली की पडद्यावरचा माणूस थेट विद्यार्थ्याकडे बघून विचारतो आणि थांबतो. त्या चार सेकंदांत माणूस गप्प राहूच शकत नाही. पहिल्या वेळी ‘हाइ’ एवढंच येतं. दुसऱ्या वेळी ‘हाइ, ओनेगाइ शिमास’. मग एखाद्याला पिशवी नको असते आणि ‘नको’ कसं म्हणायचं, हे तो तुम्हाला विचारतो. ‘दाइजोओबु देस’ सांगण्याची खरी वेळ ती, कारण आता तो शब्द त्याला हवा आहे. पुढच्या फेरीत चार सेकंदांचे दोन करा. त्यापुढच्या फेरीत क्लिप बंद, आणि तेच काम मुलांनी जोडीत करायचं, एक गल्ल्यावर, एक गिऱ्हाईक. डॉक्टरकडची नोंदणी, घरमालकाशी बोलणं, कंपनीतला पहिला दिवस, सगळं याच पद्धतीने रेकॉर्ड करता येतं. जपान फाउंडेशनचा ‘इरोदोरि’ हा मोफत अभ्यासक्रम जपानमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठीच आहे. प्रसंग त्यातून घ्या. एनएचके वर्ल्डचे जपानीचे धडेही मोफत आहेत आणि हिंदीतूनही मिळतात. त्यातले छोटे संवाद या कामाला चांगले बसतात.

दुसरा प्रकार मूक क्लिपचा. अर्ध्या मिनिटाचा असा प्रसंग निवडा ज्यात दोन माणसांचं काहीतरी बिनसलंय किंवा ठरतंय, आणि तोंडं नीट दिसतायत. आवाज पूर्ण बंद. जोडीने ठरवायचं की ही दोघं काय म्हणत असतील, आणि क्लिप चालू असताना ते त्यांच्या ओठांवर म्हणायचं. जपानी स्टुडिओंत यालाच ‘आफुरेको’ म्हणतात, आणि अ‍ॅनिमेवेड्या मुलांना हा शब्द ठाऊक असतो. आवाज देणाऱ्या कलाकारांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. ही हौस तुमच्या कामाची आहे. चार जोड्यांचे चार वेगळे संवाद ऐकून झाल्यावरच मूळ आवाज लावा. त्या क्षणी वर्ग जितका कान देऊन ऐकतो तितका एरवी कधी ऐकत नाही, कारण प्रत्येकाला आपला अंदाज पडताळून बघायचा असतो. म्हणताना चुका झाल्या तर मधेच तोडू नका. कागदावर टिपा, शेवटी तीनच चुका फळ्यावर घ्या आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगा. दुसऱ्या वेळचं म्हणणं सुधारलेलं असतं आणि ते मुलांना स्वतःलाच ऐकू येतं.

वेळ कमी असेल तर याचंच लहान रूप करा. जोडीतला एक पडद्याकडे तोंड करून, दुसरा पाठमोरा. बघणाऱ्याने पाठमोऱ्याला जपानीत सांगत राहायचं: माणूस आला, बसला, चहा प्यायला, रागावला. एन-५ च्या पहिल्या दोन महिन्यांतही हे जमतं.

अ‍ॅनिमेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. अ‍ॅनिमे वर्गात जरूर आणा, पण बोलण्याचा नमुना म्हणून ते तसंच्या तसं स्वीकारू नका. त्यातले नायक स्वतःला ‘ओरे’ म्हणतात, समोरच्याला ‘ओमाए’, चिडले की ‘किसामा’. मुलाखतीला गेलेल्या मुलाच्या तोंडून यातलं काही निसटलं तर समोरच्याला काय वाटेल, हे मराठी मुलांना समजावायला वेळ लागत नाही. पहिल्याच भेटीत साहेबांना ‘अरे, ऐक ना’ म्हटल्यासारखं ते होतं. मी याचाच खेळ करते. अ‍ॅनिमेतलं एक वाक्य घ्यायचं आणि तेच आधी मित्राला, मग दुकानदाराला, मग कंपनीतल्या ‘बुचोओ’ला, म्हणजे विभागप्रमुखाला, म्हणायचं. मुलं एका वाक्याची तीन वाक्यं करतात, आणि साधं रूप, ‘देस-मास’चं सभ्य रूप आणि आदरार्थी बोलणं यांतला फरक पाठांतराशिवाय तोंडात बसतो.

आणखी एका गोष्टीसाठी व्हिडिओला पर्याय नाही, आणि वर्गात तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते: ऐकणाऱ्याचं बोलणं. जपानी माणूस ऐकताना सारखा हुंकार देत असतो, ‘हाइ’, ‘एए’, ‘सोओ देस का’, आणि मान हलवत असतो. याला ते ‘आइझुचि’ म्हणतात. तो ‘हाइ’ म्हणजे होकार असेलच असं नाही, बऱ्याचदा ‘ऐकतोय’ एवढाच त्याचा अर्थ. फोनवर आपण स्तब्ध ऐकत राहिलो तर पलीकडचा ‘मोशिमोशि?’ करून लाइन तुटली का विचारतो. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतोच, त्यामुळे ही सवय परकी वाटत नाही. दोन माणसांच्या गप्पांची क्लिप लावा आणि मुलांना फक्त ऐकणाऱ्याची भूमिका द्या. सगळ्यात भित्रा विद्यार्थीही इथे तोंड उघडतो, कारण चुकण्यासारखं काही नसतं आणि संभाषणात आपण आहोत असं त्याला वाटतं.

भित्र्या मुलांवरून एक कळकळीची विनंती: कोणालाही एकट्याने गायला लावू नका. कोरसमध्ये आवाज लपतो, म्हणूनच गाणं भीती घालवतं. एकट्याला उभं केलं की ती दुप्पट होऊन परत येते. आधी सगळा वर्ग, मग अर्धा-अर्धा, मग चौघं, मग जोडी, आणि तिथेच थांबा. ज्यांना जोडीतही जमत नाही त्यांना घरून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून फक्त तुम्हाला पाठवू द्या. घरी ते पाच वेळा पुसून सहाव्यांदा पाठवतात, म्हणजे पाच वेळा जास्त बोलतात.

नोकरीसाठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांना गाणी पोरकट वाटतात, आणि त्यांच्यावर ती लादू नयेत. जपानच्या कारखान्यात जाणाऱ्या इंजिनीअरांच्या तुकडीला मी ‘राजिओ ताइसोओ’ लावते. रेडिओवरची ही कवायत १९२८ पासून आहे आणि तिथल्या अनेक कारखान्यांत, बांधकामांवर सकाळी अजूनही होते. पियानोच्या तालावर हात वर, पुढे, डावीकडे, उजवीकडे अशा सूचना आणि ‘इचि, नि, सान, शि’ अशी मोजणी. अवयव, दिशा, आकडे एका दमात येतात. तिसऱ्या दिवसापासून आवाज बंद करते आणि तुकडीतल्या एकाने सूचना द्यायच्या, बाकीच्यांनी हात हलवायचे. तिथे गेल्यावर पहिल्याच सकाळी हा माणूस रांगेत गोंधळत नाही, हे त्याला कळल्यावर तो मनापासून ओरडून सूचना देतो.

सबटायटलचं थोडक्यात: इंग्रजी सबटायटल असली की डोळे वाचतात आणि कान मिटतात. पहिल्यांदा काहीच नको, दुसऱ्यांदा जपानी अक्षरं, अर्थ शेवटी तोंडी. वेग कमी करायचा तर ०.७५ वर ठेवा, त्याखाली मात्रा ताणल्या जाऊन बिघडतात. घरच्या सरावाला शॅडोइंग द्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या अर्धा सेकंद मागे राहून तेच म्हणत जायचं. आधी कागद बघून, मग न बघता, एकच मिनिट, आठवडाभर तेच. बसमध्ये पुटपुटतही होतं.

परीक्षा तोंडावर आल्यावर हे सगळं बंद करावं लागतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बंद करायची गरज नाही, परीक्षेचाच ऑडिओ वापरा. एन-५ ते एन-३ च्या श्रवण विभागात ‘हात्सुवा ह्योओगेन’ नावाचे प्रश्न असतात: चित्र, त्यात एका माणसाकडे बाण, ‘हा काय म्हणेल?’, आणि मग तीन पर्याय ऐकू येतात. त्याच्या जोडीला ‘सोकुजि ओओतोओ’: एक वाक्य ऐकू येतं आणि त्याला योग्य उत्तर तीन पर्यायांतून निवडायचं. अधिकृत नमुना प्रश्नसंच जेएलपीटीच्या संकेतस्थळावर ऑडिओसकट मोफत आहेत. पर्याय सुरू व्हायच्या आत पॉज दाबा आणि जोडीतल्या प्रत्येकाला स्वतःचं उत्तर मोठ्याने म्हणू द्या. मग पर्याय ऐकवा आणि आपलं उत्तर कोणत्या पर्यायाशी जुळलं ते बघायला सांगा. न जुळलेलं पण बरोबर असलेलं उत्तर आलं, तर ते फळ्यावर लिहा.